डीन झाले की शिकवणं सुटतंच का?
‘डीन झाला की साहित्याचा प्राध्यापक फायलींत बुडतो’ असं मत बऱ्याचदा ऐकू येतं, पण ते सरसकट पटत नाही. विद्यापीठाचं अधिष्ठातापद, म्हणजे तिथला डीन, वेगळं. महाराष्ट्राच्या १९९४च्या विद्यापीठ कायद्यात अधिष्ठाता विद्याशाखेतून निवडून यायचे, २०१६च्या कायद्याने ते पूर्णवेळ पगारी पद झालं. कॉलेजातला डीन मात्र सहसा प्राध्यापकच राहतो, तासिका घ्याव्याच लागतात.

ठाण्यात आमच्या मॅडम डीन झाल्यावरही तिसऱ्या वर्षाचा सकाळचा कवितेचा तास त्यांनी कुणाला दिला नाही. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली टेबलावर उघड्या टाकून वर्गावर यायच्या. कविता आधी दोनदा मोठ्याने वाचायच्या, मगच खडू उचलायचा. आमच्या वर्गातल्या दोघी आज मराठी शिकवतात, त्याचं श्रेय मी त्या तासालाच देईन.