जुने कॉलेज बास्केटबॉल गेम परत खेळलात का? तुमचेही अनुभव सांगा

घर बदलताना गॅरेजमधल्या खोक्यात जुना एक्सबॉक्स ३६० सापडला आणि त्याच्या पोटात 'कॉलेज हूप्स २के८'ची डिस्क! २००७चा गेम, कव्हरवर ओहायो स्टेटचा ग्रेग ओडन. मुलं झोपल्यावर "एकच मॅच" म्हणून बसले ती रात्री दीडला उठले.

टीम घेतली डेव्हिडसन. या गेममध्ये कुणाला नाव नाही, नुसते जर्सीचे नंबर. कॉलेजच्या खेळाडूने स्वतःच्या नावावर पैसे कमवायचे नाहीत असा एनसीएएचा, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या संघटनेचा, तेव्हाचा नियम. पण डेव्हिडसनचा ३० नंबरचा गार्ड लांबून बॉल टाकू लागला की तो पुढे एनबीए गाजवणारा स्टेफ करी आहे हे वेगळं कशाला सांगायला हवं? २००८च्या मार्चमध्ये हे एवढंसं कॉलेज एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत गेलं आणि कॅन्ससकडून ५७-५९ असं हरलं. मी तीच मॅच लावली. अकरा पॉइंटांनी हरले.

तुम्ही कुठे, कुणाबरोबर खेळायचात? लिहा.

लॉरेन्सकर
कॅन्ससचं नाव काढलंत, आता ऐका. एमएसला लॉरेन्समध्ये, म्हणजे कॅन्सस विद्यापीठाच्या गावी, होतो. तीन देशी आणि विचिटाचा एक रूममेट, कन्सोल त्याचा. मला तोवर खो-खोपलीकडे काही येत नव्हतं. झोन डिफेन्स (माणूस नाही, जागा राखायची) त्याने मला जेवणाच्या टेबलावर मिठाची-मिरीची डबी मांडून शिकवला. ७ एप्रिल २००८ला त्याच स्पर्धेच्या फायनलमध्ये मेम्फिसविरुद्ध २.१ सेकंद उरले असताना आमच्या चामर्सने थ्री (लांबून तीन पॉइंटांचा बॉल) टाकून बरोबरी केली, ओव्हरटाइममध्ये ७५-६८ने जिंकलो ('जिंकलो'च म्हणणार!) आणि सगळं गाव मॅसॅच्युसेट्स स्ट्रीटवर उतरलं. आम्ही घरी आलो पहाटे, आणि आल्या आल्या पुन्हा तीच फायनल गेमवर. रूममेट म्हणाला, मेम्फिस तू घे. मी नाही म्हटलं. कुणीच घेईना. शेवटी कॉम्प्युटरला दिली.

पेठेतला
आमच्याकडे पुण्यात पीएस२. कॉलेजं कुठली, काही पत्ता नाही; जर्सीचा रंग बघून टीम घ्यायची. 'गोन्झागा' हे गेमवाल्यांनी गमतीने ठेवलेलं नाव आहे असं मी कितीतरी वर्षं समजत होतो. पुढे बहिणीला अमेरिकेत स्पोकेनला नोकरी लागली आणि तिने गोन्झागा विद्यापीठाच्या गेटसमोरचा फोटो पाठवला. 😄

कलमबहाद्दर
या बिननावाच्या खेळाडूंवरूनच पुढे कोर्टकचेरी झाली. एड ओ'बॅनन, यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या १९९५च्या विजेत्या टीममधला, मित्राच्या घरी गेला तर मित्राचा मुलगा गेममध्ये त्यालाच खेळवत होता. नंबर ३१, डावखुरा, फक्त नाव गायब. २००९मध्ये त्याने कोर्टात धाव घेतली. ईए या गेम कंपनीचा 'एनसीएए बास्केटबॉल १०' त्याच वर्षी आला, तो शेवटचाच. गेम गेला याची हळहळ मलाही आहे, पण बाजू त्याचीच खरी होती.

बाकावरचा
तो 'एनसीएए १०' माझ्याकडे आहे, कव्हरवर ब्लेक ग्रिफिन. परवा लेकाबरोबर लावला. त्याचा पहिला प्रश्न, "बाबा, यांची नावं कुठे गेली?" दुसरा, "शॉट क्लॉक ३५चा का?" (म्हणजे बॉल टाकायला मिळणारे सेकंद; आता ३० आहेत, त्याला तेवढंच माहीत.) एका सीझनला कंट्रोलरने एकेक अक्षर निवडत अख्ख्या टीमची नावं मीच भरली होती, ते सांगितल्यावर त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं.

मग मी बटलर घेतलं, त्याने ड्यूक. २०१०ची खरी फायनल आठवत असेल: ड्यूक ६१, बटलर ५९, आणि बटलरच्या हेवर्डने हाफ कोर्टवरून फेकलेला शेवटचा बॉल बोर्डाला, रिंगला लागून बाहेर. आमच्याही मॅचमध्ये शेवटी मी दोनने मागे. मुद्दाम २० नंबरकडे, म्हणजे हेवर्डकडेच, बॉल दिला, मधल्या रेषेवरून फेकला.

रिंगपर्यंतसुद्धा पोहोचला नाही. लेक म्हणतो, पास का नाही दिलास?