गावात एकही घर नाही, तरी सातबाऱ्यावर वेगळं गाव कसं काय?

नदीकाठचा: मंडळी, डोक्यात एक किडा वळवळतोय. आमचं गाव खुर्द आणि नदीपल्याड बुद्रुक. बुद्रुक म्हणजे मोठं ना? पण हायस्कूल, बाजार, एसटी सगळं आमच्याकडं आणि तिकडं शे-दीडशे घरं असतील नसतील. दुसरं म्हणजे आमची दोन एकर ज्या गावाच्या हद्दीत येते तिथं एक घर नाही, नुसता मारुती आणि चिंचा. सातबाऱ्यावर मात्र गाव वेगळं. तलाठी म्हणाला बेचिराग आहे. जाळलं होतं का कुणी?

फारसीवाले काका: बुद्रुक हे फारसी बुजुर्गचं मराठी रूप, म्हणजे थोरलं, आणि खुर्द म्हणजे धाकटं. नाव पडलं तेव्हाचा हिशोब तो, पुढं रस्ता, कॅनॉल, बाजार जिकडं गेला तिकडं माणसं गेली, थोरला भाऊ अंगानं बारीक असू शकतो की. पुण्यात कोंढवा, आंबेगाव, वडगाव सगळ्यांच्या अशा जोड्या आहेत, पंजाब-हरियाणात हेच कलां-खुर्द. आणि बेचिरागमध्ये राखेचा संबंध नाही हो. बे-चिराग, दिवा न लागणारं गाव! त्याचं बेचिराख झालं आणि लोकांना राख दिसायला लागली.

माळावरून: काकांना +१. पण गाव उठलं तरी कागदावरून जात नाही कारण सरकारचा मतलब जमिनीशी, शिव ठरलेली, सारा ठरलेला, माणसं शेजारच्या गावात झोपतात आणि इथं कसायला येतात, झालं. जनगणनेत सुद्धा वस्ती असलेली आणि नसलेली गावं वेगळी मोजतात. उठायला कारणं ढीगभर. १६३०-३२ चा दुष्काळ, १८७६-७८ चा, नदीचा पूर, लुटालूट, विहिरी आटणं. प्लेगात तर लोक गाव सोडून रानात झोपड्या टाकून राहायचे, त्यातले काही परतलेच नाहीत. तुमचं नेमकं कशानं उठलं ते म्हातारी माणसं सांगतील, नेटवर नाही मिळायचं.

नदीकाठचा: आज्जीला विचारलं. ती म्हणे कशानं ते ठाऊक नाही, पण आम्ही त्याला पांढर म्हणायचो, धाब्यावर टाकायला माती तिथनंच आणायचो, पाणी गळत नाही त्या मातीनं. खापराचे तुकडे निघायचे म्हणे ढिगानं.

माळावरून: अरे मग थांब!! काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, हे जुनंच आहे. पिढ्यान्पिढ्या चुलीची राख, पडक्या भिंती, शेण साचून माती पांढरट होते आणि टेकाड बनतं. शिरूरजवळच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं असंच टेकाड खणलं तर इसवी सनापूर्वी १६०० च्या आसपासचं खेडं निघालं, घरं, चुली, घरातच पुरलेली लेकरं. तुझी खापरं तेवढी जुनी असतीलच असं नाही, पण माती काढू नका आता.

फारसीवाले काका: प्रवरेकाठी दायमाबाद आहे बघा. १९७४ ला तिथं एका शेतकऱ्याला काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ सापडला. दायम म्हणजे कायम, आबाद म्हणजे वसलेलं. आणि गाव ओसाड!

नदीकाठचा: 😄 रविवारी जातो शेतावर. खापरांचे फोटो टाकतो, नक्षी असेल तर सांगा.