मदत हवी आहे: बेलापूरचं बाबांचं रंगीत घर विकलं जात नाहीये. रंग पुसून विकू का?

अंगणवेल

नमस्कार मंडळी.

गेल्या वर्षी गुढीपाडव्याला घर विकायला काढलं. या वर्षीचा पाडवाही होऊन गेला आणि घर अजून आमच्याकडेच आहे. अनुभवी लोकांचा सल्ला हवाय म्हणून सगळं सविस्तर लिहिते. लांबलंय, सांभाळून घ्या.

घर सीबीडी बेलापूरला, सेक्टर ८ मधल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये आहे. ज्यांना ही वसाहत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी १९८३ ते ८६ च्या दरम्यान उभी केलेली ही घरं. सात घरांच्या मध्ये साधारण आठ बाय आठ मीटरचं सामाईक अंगण, आणि असे तीन पुंजके मिळून आणखी एक मोठं अंगण. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे. दोन घरांत सामाईक भिंत नाही, कारण ज्याला जशी ऐपत येईल तसं त्याने शेजाऱ्याला धक्का न लावता घर वाढवावं अशी कल्पना होती. आमचा प्लॉट ६० चौरस मीटरच्या आसपास. खाली एक खोली आणि स्वयंपाकघर, वर एक खोली, मंगलोरी कौलं, पुढे तुळस आणि जास्वंद.

बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. घराला रंग कधी रंगाऱ्याने दिला नाही, दर दिवाळीला स्वतः द्यायचे आणि आम्ही दोघं भावंडं हाताखाली. बाहेरच्या भिंती हळदीसारख्या पिवळ्या, दार मोरपंखी, खिडक्यांच्या चौकटी शेंदरी. जिन्याच्या अकरा पायऱ्या, अकराही वेगळ्या. फाटकाच्या बिजागरीपाशी एक पोपडा निघालाय, तिथे नखाने उकरलं तर एकाखाली एक सात थर दिसतात. मी मोजलेत. सगळ्यात खालचा फिका निळा आहे, तो मला आठवतसुद्धा नाही, म्हणजे माझ्या जन्माआधीचा असणार.

बाबा २०१९ ला गेले, आई २०२३ ला. मी ठाण्याला सासरी, दादा जर्मनीत. घर बंद ठेवलं की पावसाळ्यात काय होतं ते कोकणपट्टीतल्या माणसाला सांगायला नको. गेल्या श्रावणात वरच्या खोलीत ओल येऊन गादीवर बुरशी आली. मी दर पंधरा दिवसांनी ट्रान्सहार्बर लोकलने नेरुळपर्यंत, पुढे गाडी बदलून बेलापूर, अशी जाते, दारं-खिडक्या उघडते, संध्याकाळी बंद करून परत येते. हे किती दिवस चालणार?

भाव आम्ही १ कोटी ४५ लाख सांगितला होता. चौदा महिन्यांत बावीस जण येऊन गेले. बहुतेकांचा पहिला प्रश्न, गाडी कुठे लावायची? आमच्या दारापर्यंत गाडी येत नाही. दुसरा प्रश्न रंगाचा. एका काकू आत आल्या, जिना बघितला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बालवाडी आहे का ही?" त्या वाईट हेतूने बोलल्या नसतील, पण मी त्या रात्री नीट जेवले नाही.

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला उड्डाणं सुरू झाली, तेव्हा आमचा एजंट म्हणाला होता की आता बघा कशी रांग लागते. रांग लागली असेल तर ती उलवे-खारघरच्या टॉवरला. तेवढ्याच पैशांत लिफ्ट, पार्किंग, जिम मिळत असेल तर लोक तिकडे जाणारच, त्यांना दोष देत नाही.

आता एकच खरी ऑफर हातात आहे, १ कोटी १० लाख. त्यांना घर नकोय, जागा हवीय. पाडून तळमजला अधिक दोन बांधणार. आमच्या पुंजक्यातली सातपैकी चार घरं अशीच गेली आहेत.

याआधी एक जोडपं अगदी तयार होतं, १ कोटी ३० ला. त्यांच्या बँकेने कर्ज नाकारलं. मूल्यांकनाला आलेला माणूस म्हणाला, नकाशात आणि जागेवर फरक आहे. सौदा फिसकटला.

कागदपत्रांचं म्हणाल तर सिडकोत वारसनोंद झाली आहे, दोघांची नावं लागली आहेत, मालमत्ता कर आणि पाणीपट्टी भरलेली आहे.

माझे प्रश्न: घर पांढरं करून घेतलं तर खरंच फरक पडतो का? एजंटचा त्यासाठी फार आग्रह आहे, रंगारीसुद्धा तोच देणार. ही १ कोटी १० ची ऑफर घ्यावी की दसऱ्यापर्यंत थांबावं? आणि दादा तिकडे असताना व्यवहारात काय काय अडतं?

जुना_बेलापूरकर

ताई, मी तुमच्याच वसाहतीत बारा वर्षं भाड्याने होतो. पिवळं घर चांगलं आठवतंय. आर्किटेक्चरची मुलं वह्या घेऊन यायची तेव्हा तुमच्याच फाटकासमोर बसायची.

घाईने देऊ नका एवढंच सांगेन. पाडणारा माणूस नेहमीच येतो, त्याला मुहूर्त लागत नाही. राहणारा शोधावा लागतो.

मीरा_नेरुळ

मी दोन वर्षांपूर्वी आईवडिलांचं नेरुळचं रो-हाऊस विकलं, सात महिने लागले. अनुभवावरून सांगते.

बाहेरचे रंग राहू द्या. जाहिरातीच्या पन्नास फोटोंत तुमचाच फोटो लक्षात राहील. आत मात्र झोपायच्या खोलीच्या भिंती फिक्या करा, कारण माणूस तिथे स्वतःचं कपाट आणि पलंग मनात मांडून बघतो. जिन्याला हात लावू नका. ओलीचे डाग आधी मूळ कारण शोधून काढा, नुसता रंग मारला तर येणाऱ्याला वासावरून कळतं. आणि घर सकाळी नऊ-दहाला दाखवा, संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये नको.

पितृपक्षात कोणी येणार नाही हे धरून चाला. तोपर्यंत डागडुजी उरका.

पण मला तुमची खरी अडचण रंग वाटत नाही. नकाशातला फरक कसला आहे?

अंगणवेल

मीराताई, धन्यवाद. सात महिने ऐकून धीर आला.

फरक मागच्या बाजूचा आहे. आजीला जिना चढवेना, तेव्हा १९९६ मध्ये बाबांनी मागचं छोटं अंगण बंद करून तिथे खोली बांधली. विटांच्या भिंती, वर सिमेंटचे पत्रे. परवानगी घेतली नव्हती, तेव्हा आजूबाजूला कोणीच घेत नव्हतं. आजी २००४ ला गेली. तेव्हापासून तिथे बाबांचे रंगांचे डबे, शिडी आणि आमची जुनी सायकल आहे.

कौलारू

ताई, मी साइटवर काम करणारा माणूस आहे, जुन्या घरांची कामं करतो. तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलंय.

ती खोली काढा.

महापालिकेच्या नगररचना विभागातून किंवा सिडकोतून मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत घ्या. खोली नियमित होते का ते एखाद्या वास्तुविशारदाला विचारता येईल, पण त्यात वेळ आणि पैसा जाईल आणि हाती लागेल ती पत्र्याची अंधारी खोली. ती काढलीत तर जागा आणि नकाशा जुळेल, बँकेचा मुद्दा संपेल. शिवाय कोरियांच्या या घरांचं मर्मच ते आहे, प्रत्येक घराला स्वतःचं उघडं आभाळ. तुम्ही तेच झाकून बसला आहात. मागे ऊन आणि वारा आला की वरच्या खोलीची ओलही बरीच कमी होईल. माझा अंदाज आहे की ती पत्रा आणि कौलं जिथे भेटतात तिथूनच येते. तिथे पाण्याची पन्हळ तुंबलेली असणार, बघा.

एक काळजी घ्या. त्या काळचे सिमेंटचे पत्रे म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. हातोडीने फोडू देऊ नका, धूळ फुप्फुसाला वाईट. पाणी मारून ओले करायचे, बोल्ट कापायचे, पत्रा अख्खा उतरवायचा. कामगारांना चांगले मास्क द्या, फडकं बांधून भागत नाही.

हिशेबी

पैशाचं मी सांगतो.

१ कोटी १० लाख आज घेऊन साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाचे सुमारे सव्वासात लाख होतात. म्हणजे वर्षभर थांबून निदान आठ-नऊ लाख जास्त मिळणार असतील तरच थांबण्यात अर्थ. तुम्हाला १ कोटी ३० चं गिऱ्हाईक मिळालं होतं आणि ते फक्त नकाशामुळे गेलं, म्हणून मी थांबलो असतो. पण १ कोटी ४५ वर अडून बसलो नसतो. १ कोटी ३५ सांगा.

कर: घर २००१ पूर्वीचं आहे, त्यामुळे १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य खरेदीची किंमत म्हणून धरता येतं. नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून अहवाल करून घ्या. ते मूल्य त्या दिवशीच्या मुद्रांकाच्या दरापेक्षा जास्त धरता येत नाही, हेही लक्षात ठेवा. तुमच्या हिश्शाच्या नफ्यावर महागाई निर्देशांक लावून २० टक्के किंवा न लावता १२.५ टक्के, यातला जो कमी बसेल तो. दादा अनिवासी असतील तर त्यांना ही निवड नाही, सरळ १२.५ टक्के.

दादांमुळे अडतं ते इथे: निवासी विक्रेत्याच्या बाबतीत गिऱ्हाईक १ टक्का कर कापतं. अनिवासी असेल तर त्याच्या हिश्शाच्या पूर्ण रकमेवर बरंच जास्त कापावं लागतं, प्रत्यक्ष नफा कितीही असो. म्हणून दादांनी आयकर विभागाकडून कमी कपातीचा दाखला आधीच मागावा. गिऱ्हाईक मिळाल्यावर धावपळ केली तर टोकन देऊन बसलेलं गिऱ्हाईक वैतागतं.

येऊ शकत नसतील तर तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवायला सांगा. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, हे विसरू नका.

सिडकोचं हस्तांतरण शुल्क कोण भरणार ते करारात स्पष्ट लिहा. तोंडी ठेवलं की शेवटच्या आठवड्यात भांडण होतं. आणि गिऱ्हाईकाला सांगा, घर एकट्या बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. १ कोटी ३५ वर तो १ लाख ३५ हजार होतो, निर्णय व्हायला मदत होते.

मीरा_नेरुळ

कौलारू यांच्याशी शंभर टक्के सहमत. ताई, रंगारी आणि एजंट एकच असेल तर पांढऱ्या रंगाचा सल्ला कुणाच्या फायद्याचा तेही बघा.

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काम चालू होतं.

दादाला हे सगळं वाचून दाखवलं. तो आधी गप्पच बसला, खोली काढायची म्हटल्यावर. मग म्हणाला, आजीसाठी बांधली होती, आजी आता नाही, काढ. दाखल्याचा अर्ज तो या आठवड्यात करतोय. नकाशाची प्रत मिळाली. घर पाडायला मागणाऱ्यांना 'नाही' असं कळवलं.

पत्रे गेल्या शनिवारी उतरवले, ओले करून, एकही न फोडता. कौलारूदादा, तुमचा अंदाज बरोबर निघाला. पन्हळीत वीतभर माती आणि त्यात पिंपळाचं रोप होतं. मुळं थेट वरच्या भिंतीत गेलेली.

भिंती काढल्यावर घराची मूळ मागची भिंत उघडी पडली. तीस वर्षं झाकलेली. तिच्यावर ऊन-पाऊस लागलेला नाही, त्यामुळे १९९५ च्या दिवाळीचा रंग जसाच्या तसा आहे, गडद गुलबक्षी. खाली कोपऱ्यात माझ्या हाताचा पिवळा ठसा, मी तेव्हा सहा वर्षांची. झोपायची खोली फिकी करतेय, मीराताई, पण ही भिंत अशीच ठेवणार. भाव १ कोटी ३५ केलाय.

आता एक छोटी मदत: पिंपळ काढताना कौलं फुटली. जुन्या मापाची मंगलोरी कौलं पन्नासेक हवी आहेत, नवी त्या मापाला बसत नाहीत. पनवेल-उरणकडे कुणी जुनं घर उतरवत असेल किंवा कुठे वखारीत मिळत असतील तर कृपया इथेच सांगा. मोठा पाऊस लागायच्या आत छप्पर बंद करायचंय.