मदत हवी आहे: दोन महिने वजनाची रेघ आडवीच

आमची चिऊ 14 महिन्यांची. जन्मावेळी 2.5 किलो, आता 7.8. वर्षाला वजन तिप्पट झालं होतं, अंगणवाडीच्या कार्डावर अजून हिरव्या पट्ट्यातच आहे, पण दोन महिने रेघ आडवीच! त्यात सोलापूरचं ऊन आणि दाढा येतायत. वरण-भात दिसला की ओठ घट्ट मिटते, आणि सासूबाईंच्या ताटातली कडक भाकरी मात्र चोखत बसते. खेळते, धरून चालते, ताप-जुलाब काही नाही. दूध दिवसातून पाच वेळा पिते. त्यानंच भूक मरत असेल का? दुधात कुस्करलेल्या भाकरीत तूप आणि शेंगदाण्याचा अगदी बारीक कूट घालून कुणी दिलंय का? टॉनिक सुचवू नका, शेजारणींनी चार सांगून झालीत. डॉक्टरांना आत्ताच दाखवू की पुढच्या वजनापर्यंत थांबू?