मदत हवी आहे: आल्ट-शिफ्ट दाबून मराठी येत नाही, भलतंच उमटतंय

शहापूरकर
नमस्कार. एकच अर्ज मराठी आणि कन्नड दोन्हींत करून द्यायचाय, गिऱ्हाईक समोर बसलंय. आल्ट-शिफ्ट दाबलं की कधी मराठी, कधी कन्नड, कधी काहीच नाही. आता तर घड्याळाजवळ इंग्लिश दिसतंय आणि वर्डमध्ये भलतंच उमटतंय. लवकर सांगा.

निपाणीचा_सागर
विंडोज 10 की 11? कीबोर्ड इनस्क्रिप्ट (ठरलेल्या कळांचा) की फोनेटिक (इंग्रजी स्पेलिंगनं उच्चाराप्रमाणे लिहायचा)? भलतंच म्हणजे नक्की काय?

शहापूरकर
विंडोज 10. मराठी फोनेटिक. बाकी सगळं नेहमीचंच आहे की हो.

खडेबाजार_डीटीपी
ह्या भानगडीत पडूच नका. श्रीलिपी सॉफ्टवेअर घ्या. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बारशाची कार्डं, सगळं आम्ही त्याच्यावरच करतो. अक्षर असं देखणं येतं की गिऱ्हाईक परत येतं.

टिळकवाडी_मास्तर
पत्रिकेला ठीक आहे. पण श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टातला मजकूर ऑनलाइन अर्जात चिकटवला की नुसती गिचमिड दिसते. कुठल्याही संगणकावर अक्षर तेच राहतं ते युनिकोडच पाहिजे, आणि कीबोर्ड इनस्क्रिप्ट. 1986 पासूनचं सरकारी प्रमाण आहे ते. के कळीवर मराठीत क, कन्नडातही क. येळ्ळूर गावाच्या नावातलं ळ्ळू लिहून बघा: ळ ला शिफ्ट-एन, पाय मोडायला डी, परत शिफ्ट-एन, दीर्घ उकाराला टी. कन्नडातल्या ळ्ळू ला हीच बोटं. दोन भाषा लिहिणाऱ्यानं फोनेटिक का वापरावं, मला खरंच कळत नाही.

खडेबाजार_डीटीपी
मास्तर, गिऱ्हाईक समोर बसलंय म्हणतोय तो. आता बोटं शिकवणार काय त्याला?

अनगोळ_वैनी
मी मोबाईलवर बोलून लिहिते, छान येतं. फक्त "आणि"चं कधीकधी "आनी" होतं.

खानापूर_कट्टा
अर्जात गाव बेळगाव लिहिताय की बेळगावी? 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर बेळगावी आहे. एका ठिकाणी माझा अर्ज तेवढ्यावरून परत आला होता.

निपाणीचा_सागर
नावाचा विषय मोठा आहे, त्याला वेगळा धागा काढा.
शहापूरकर, उमटलेलं जसं दिसतंय तसं सांगा.

शहापूरकर
इंग्रजी पी, मग डोक्यावर रेघ असलेला ए, मधेच पौंडाचं चिन्ह. मी लिहीत होतो "कन्नड".

निपाणीचा_सागर
मग हे विंडोजचं काम नाही. कन्नड टायपिंगचं ते नुडी सॉफ्टवेअर चालू आहे का?

शहापूरकर
नुडी तर असतेच की! कन्नडाची कामं त्याच्यावरच असतात. त्यात काय सांगायचं?

निपाणीचा_सागर
तेच तर सांगायचं होतं! नुडीच्या जुन्या आस्की पद्धतीत ಕ म्हणजे आतून पी आणि रेघवाला ए. नुडीचा फॉन्ट असेल तोवर कन्नड दिसतं, दुसरा फॉन्ट आला की ही अशी अक्षरं. नुडी कळा स्वतःच पकडते, त्यामुळे घड्याळाजवळ काय दिसतंय त्याला अर्थ राहत नाही. ती आधी पूर्ण बंद करा. नुसती खाली घालवू नका, बंद करा.

मग विंडोजची भाषांची यादी उघडा. मराठी, कन्नड आणि एकच इंग्लिश ठेवा. आल्ट-शिफ्ट यादीतून ओळीनं पुढं सरकतं. तिथं दोन इंग्लिश असल्या तर एकदा दाबून काहीच बदललं नाही असं वाटतं. सरळ हवी ती भाषा पाहिजे असेल तर ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये इनपुट लँग्वेज हॉट कीज आहे. इंग्लिशला डावा आल्ट-शिफ्ट-1, मराठीला 2, कन्नडला 3 द्या. त्याच पानावर प्रत्येक खिडकीला वेगळी भाषा ठेवण्याची खूण असते, ती असेल तर काढा. नाहीतर वर्डमधून ब्राउझरवर गेलात की भाषा परत बदलेल.

टिळकवाडी_मास्तर
आणि कन्नडाला इनस्क्रिप्टच लावा.

शहापूरकर
नुडी बंद केली, आकडे दिले. 2 ला मराठी, 3 ला कन्नड, बरोबर येतंय. अर्ज छापून दिला. पण नुडीतल्या जुन्या फायलींचं काय? कपाटभर आहेत.

निपाणीचा_सागर
त्या नुडीच्या फॉन्टातच उघडा, फॉन्ट बदलू नका. ऑनलाइन पाठवायच्या तेवढ्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि बदलल्यावर जोडाक्षरं एकदा वाचून बघा.