पुरात बुडालेली गाडी लपवून विकली, डीलरकडून पैसे परत मिळतील का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमच्या दाजींसाठी विचारतोय. दाजी शिक्षक, राहायला कोल्हापूरजवळच्या कळंब्याला. दिवाळीत त्यांनी पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून 2018 ची डिझेल हॅचबॅक घेतली, 3 लाख 80 हजाराला. पासिंग सांगलीचं, एमएच-10. सांगली-कोल्हापूरची गाडी म्हटल्यावर आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला असतो, तो दाजींनीही विचारला: पुरातली नाही ना? डीलरच्या माणसानं व्हॉट्सॲपवर लिहून दिलं, "सिंगल ओनर, नॉन-ॲक्सिडेंट, पाणी लागलेलं नाही." तो मेसेज जपून ठेवलाय.

महिनाभर गाडी बरी चालली. मग एअरबॅगचा दिवा लागायला लागला, काचा आपोआप खाली यायला लागल्या, आणि गगनबावड्याच्या रस्त्यावर गाडी चालता चालता बंद पडली. ताई आणि पोरं आत होती. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी सीट काढून कार्पेट उचललं, तर खाली वाळलेला गाळ. सीटच्या रेल गंजलेल्या. मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ. वायरिंगचे कनेक्टर उघडले तर पिना हिरव्या पडलेल्या. मिस्त्री म्हणाले, "सीटच्या वर पाणी होतं हिच्यात. वरनं पॉलिश मारून विकलीय."

खणात जुन्या पॉलिसी सापडल्या. मार्च 2021 च्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) 35 टक्के, मार्च 2022 च्या पॉलिसीवर शून्य. म्हणजे मधे क्लेम घेतलाय, आणि जुलै 2021 चा पूर त्याच वर्षातला.

डीलर म्हणतो, डिलिव्हरी नोटवर "गाडी तपासून, जशी आहे तशी घेतली" असं लिहिलंय आणि खाली सही आहे, आता काही होणार नाही. दाजी म्हणतात सोडून दे, पुण्याला हेलपाटे कोण घालणार. मला नाही पटत. एअरबॅग पाण्यात गेलेली गाडी लेकराबाळांच्या घरात खपवलीय, हे कसं सोडायचं? ती सही खरंच आडवी येते का? केस कोल्हापुरात चालेल का? आणि वायरिंग आत्ताच बदलून घ्यावं का?

प्रतिसाद

दादा, आधी शेवटच्या प्रश्नाचं. वायरिंगला हात लावू देऊ नका आणि गाडी चालवणं आजपासून बंद करा. गाळ, गंज, सीटबेल्टची रेघ हाच तुमचा पुरावा आहे. शिवाय दोष कळल्यावरही गाडी वापरत राहिलात तर "यांनी व्यवहार मान्य केला" असं समोरचा वकील म्हणणार.

सहीला घाबरू नका. माल विक्री कायदा, 1930 च्या कलम 16 प्रमाणे, माल तपासून घेतला असेल तर तपासणीत दिसायला हवे होते त्या दोषांबद्दल तक्रार चालत नाही. पण शोरूमला उभ्या गाडीचं कार्पेट उचकटून कुणी बघतं का? त्यात विचारल्यावर लेखी खोटं सांगितलंय. करार कायद्याच्या कलम 17 मध्ये याला कपट म्हणतात, आणि कलम 19 प्रमाणे असा करार तुम्हाला रद्द करता येतो. मोबाइल बदलू नका. मेसेज पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

पुण्याला जायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा चालतो, म्हणजे आपल्या कोल्हापुरात. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतो, मुदत दोन वर्षं. विमा कंपनी तुम्हाला दुसऱ्याच्या क्लेमची कागदपत्रं देणार नाही, पण आयोग ती मागवू शकतो. अर्जात ही मागणी स्पष्ट लिहा.

एक गोष्ट मात्र बघा: पावती कुणाच्या नावाची? घरगुती मालकानं स्वतःची एखादी गाडी विकली तर तो व्यापारी धरला जात नाही आणि ग्राहक आयोगात अडचण येते. डीलर हमखास "आम्ही फक्त मध्यस्थ" म्हणणार. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंद फॉर्म 29सी वर होते. दाव्याआधी डीलरला नोटीस पाठवा, तिच्यात या दोन्हींची प्रत मागा. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. तोवर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठेवा.

धागाकर्ता

मनापासून आभार. पावती डीलरच्याच नावाची आहे, शिक्क्यासह, आत्ताच बघितली. दाजींना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, तयार झालेत. गाडी टो करून घरी आणतोय. आता पुराच्या गाड्यांचा अनुभव असलेले, गाडी बघून लेखी अहवाल देणारे परवानाधारक सर्व्हेयर कोल्हापूर, इचलकरंजी किंवा सांगलीत कुणाच्या माहितीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गाळ आहे तसाच ठेवलाय.