पाहुणे दहा दिवसांचे, आई-बाप फडात: लेकरांशी नातं कुणाला विचारून जोडायचं?

शिक्षिका_बीड (धागा सुरू करणारी)

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, एका ख्रिस्ती संस्थेच्या अनुदानित शाळेत शिकवते. मी हिंदू घरातली, आणि संस्थेनं मला कधी त्यावरून वेगळं वागवलेलं नाही, हे आधीच सांगते. शाळेला वसतिगृह आहे. त्यातली निम्म्याहून जास्त लेकरं ऊसतोड कामगारांची. दिवाळी झाली की उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली टोळी मुकादमाच्या, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराच्या, ट्रकात बसते, सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात जाते, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, लेकरू आमच्याकडं.

दर जानेवारीत अमेरिकेतल्या एका मंडळीची (चर्चची) टीम येते. वीस-बावीस वर्षांची दहा-बारा पोरं-पोरी. दहा दिवस खेळ, गाणी, चित्रं, आणि संध्याकाळी बायबलमधली गोष्ट व प्रार्थना. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. यंदा एक मुलगी तापानं फणफणलेल्या लेकराच्या उशाशी रात्रभर बसून होती.

माझा प्रश्न अकराव्या दिवसाचा आहे. सहावीतल्या एका पोरीच्या मनगटावर टीममधल्या तिच्या लाडक्या दीदीनं लोकरीचा गोफ बांधला. महिना होत आला, ती आंघोळ करताना तो हात वर धरते, रंग जाईल म्हणून. परवा तिनं माझ्या हातात पाकीट दिलं. पत्ता: ‘दीदी, अमेरिका’. आत लिहिलंय, ‘मी रोज प्रार्थना करते. तू कधी येणार?’ आई नोव्हेंबरात ऊसतोडीला गेली तेव्हा ही पोर रडली नव्हती. दीदीची गाडी गेली, त्यानंतर दोन दिवस नीट जेवली नाही.

आई-बाप गावात नसताना, मायेला आसुसलेल्या लेकराशी असं नातं जोडू नये. यायचं तर जुलैत या. पेरण्या झालेल्या असतात, पालक घरी असतात. त्यांच्या ओट्यावर बसा, चहा प्या, त्यांना विचारा. तिकडच्या कॉलेजांना तेव्हाच मोठी सुट्टी असते.

बेथेलकर_जालना

सलाम ताई. तुमची कळकळ पोचली, पण तुमचं म्हणणं पटलं नाही. आमच्या मंडळीतही अशा टीम येतात. लोक लगेच ‘बाटवायला आले’ म्हणतात, तुम्ही तसं म्हणाला नाहीत, त्याबद्दल आभार. पण परिणाम तोच होईल. तुमचा धागा दाखवून उद्या कुणीतरी शाळेच्या फाटकावर मोर्चा आणेल.

आणि बाहेरून येणारा माणूस म्हणजे परका, असं नसतं. जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती लोकांचं गाव वसवलं नारायण शेषाद्रींनी. ब्राह्मण घरातले, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढं निजामाच्या मुलखात जालन्याला येऊन राहिले. ज्यांना गावात विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांच्या बरोबरीनं बसले. माझ्या पणजोबांना अक्षर मिळालं ते अशाच कुणाच्या तरी ‘नातं जोडण्या’तून. ते नातं जोडताना गावच्या पाटलाची परवानगी मागायला हवी होती का?

इतिहासाचा_मास्तर, अंबाजोगाई

बेथेलकर, शेषाद्रींचं नाव काढलंत तर त्याच वर्षातली दुसरी गोष्टही सांगा. नारायणराव सज्ञान होते, स्वतः ठरवून गेले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत बारा वर्षांच्या आसपासचा, तोही मिशनऱ्यांकडं राहायला गेला. बाप मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेला आणि कोर्टानं पोरगं बापाच्या हवाली केलं. पुढं त्याला जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले, केवढा गदारोळ झाला. म्हणजे मोठ्यानं धर्म निवडणं वेगळं आणि लेकराच्या मनावर हात ठेवणं वेगळं, हा फरक आपल्याकडं १८४३ पासून ठाऊक आहे. पाटलाला विचारू नका. बापाला विचारा.

कायदाही तेच म्हणतो. राज्यघटनेच्या २८व्या कलमाचं तिसरं पोटकलम बघा. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला, उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. शिवाय पर्यटक व्हिसावर येऊन धर्मप्रचार करता येत नाही, मिशनरी कामासाठी व्हिसा वेगळा असतो. ताई, तुमच्याकडं सह्या घेतात का?

शिक्षिका_बीड

प्रवेशाच्या फॉर्मवर एक ओळ असते, ‘शाळेचे सर्व उपक्रम मान्य’. खाली अंगठा.

वारकरी_परळी

मी माळकरी आहे. ख्रिस्ती प्रार्थना शाळेत नको, हे मलाही वाटतं. पण सर, आपल्या किती शाळांत सप्ताहाच्या वेळी लेकरांना रांगेनं कीर्तनाला नेतात? दिंडीत टाळ हातात देतात? तिथं एखाद्या बौद्ध नाहीतर मुसलमान बापाला कुणी विचारतं का? विचारायचं तर सगळीकडं विचारा. फक्त चर्चच्या शाळेत विचारलं तर त्याला मी न्याय म्हणणार नाही. हे माझ्याच माणसांना रुचणार नाही, तरी लिहितो.

फडातली_लेक

मी अशाच वसतिगृहात पाचवी ते दहावी काढली. आता पुण्यात दवाखान्यात नर्स आहे. शिक्षिकाताई, राग मानू नका, पण तुमचा धागा वाचून मला लई लागलं.

माझे आई-बाप एक कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी. मी त्यांच्याबरोबर दोन हंगाम फडात काढलेत, पाचटाच्या खोपीत, पहाटे तीनला मोळ्या बांधताना धाकट्या भावाला मांडीवर घेऊन. वसतिगृहात आल्यावर मला पहिल्यांदा कळलं की सकाळी उठून नुसतं खेळायचं पण असतं. आमच्याकडं आलेल्या एका दीदीनं माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या. तीन तास. कंगवा, रॉकेल, सगळं तिनंच आणलं. माझ्या शाळेत तोवर एक बाई मला हात लावून बोलल्या नव्हत्या, का ते तुम्हाला माहीत आहे. ती परत कधीच आली नाही. मी रडले. पण माझ्या डोक्याला कुणी हात लावू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि नर्सिंगचा फॉर्म भरताना तेच डोळ्यांसमोर होतं. मी आजही बौद्ध आहे. बायबलमधल्या दोन गोष्टी आठवतात, त्यांनी माझं काही बिघडलं नाही.

दुःख होईल म्हणून माया करूच नये? मग आम्हाला कोण करणार होतं?

शिक्षिका_बीड

राग कसला, ताई. तुमचं तीनदा वाचलं. ‘का ते तुम्हाला माहीत आहे’ हे वाचून मी मोबाईल खाली ठेवला, कारण माहीत आहे, आणि आमच्या स्टाफरूममध्ये ते अजून संपलेलं नाही.

तरी सांगते. तुमच्या वर्गात तुमच्यासारखी सावरलेली किती आणि नुसती वाट बघत राहिलेली किती, हे दीदीला कधीच दिसत नाही, ती गेलेली असते. ते मला दिसतं. माया करू नका असं मी म्हणत नाही. दर वर्षी तीच माणसं येऊ देत, थोडं मराठी शिकून येऊ देत, आणि प्रार्थनेला बसवायच्या आधी आईला विचारू देत. बेथेलकर, शेषाद्री दहा दिवसांसाठी आले नव्हते, जालन्यात राहिले. मी तेवढंच मागते.

बेथेलकर_जालना

हे मान्य करावं लागेल. आमच्या पाळकांशी बोलतो. जुलैचं मात्र अवघड आहे ताई, टीम तिकडची मंडळी ठरवते. आणि दर वर्षी तीच पोरं कशी येणार, त्यांची कॉलेजं असतात. सह्यांचं मात्र आम्ही या जूनपासून करू शकतो, मराठीत, वाचून दाखवून.

फडातली_लेक

त्या पोरीच्या पत्राचं काय केलं?

शिक्षिका_बीड

टेबलाच्या खणात आहे. संस्थेकडं ईमेल पत्ता असेल.

फडातली_लेक

फोटो काढून पाठवा, इंग्रजी मी करून देते. पण आधी तिच्या आईला वाचून दाखवा.

शिक्षिका_बीड

तिची आई कर्नाटकात आहे, मुकादमाच्या फोनवर रविवारी बोलणं होतं. या रविवारी वाचून दाखवते.